चौथ्या कमानीतलं पाणी

पूल मोडकळीला आला की सरकारी खात्यात आधी कागद हलतात, मग माणसं हलतात. आणि या दोघांनी वेळेवर हालचाल केली नाही, तर विटा हलतात. बोरनदीवरच्या सात कमानींच्या रेल्वे पुलापाशी दोन हजार सेहेचाळीसच्या फेब्रुवारीत कागद आणि माणसं दोन्ही येऊन पोचली होती. चौथी कमान पोटातून दोन बोटं खाली फुगली होती. गाड्या पुलावरून ताशी वीसच्या वेगाने, परक्याच्या घरात चालावं तशा दबकत चालल्या होत्या. पावसाळ्याच्या आत कमान दुरुस्त झाली नाही तर मार्ग बंद, असा वरून हुकूम होता.

कामाच्या प्रमुख वृंदा खैरनार. वय सत्तावन्न, त्यातली जवळपास तीस वर्षं पुलांवर गेलेली. विटांच्या पुलात मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून बांधणाऱ्यांनी कमानीत मूठभर रुंदीची भोकं ठेवलेली असतात. या भोकांच्या बाबतीत बाई इतक्या कडक, की हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे ‘निचरा मॅडम’ म्हणायची. कुठल्याही पुलावर गेल्या की आधी भोकांत पेन घालून बघायच्या. या कडकपणाबद्दल खात्याने त्यांना एक पदकही दिलं होतं. ते त्यांनी कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवलं होतं, आणि तळाशी का, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पुण्याच्या एका संस्थेतून डॉक्टर अन्वर तांबोळी त्यांचं यंत्र घेऊन आले. हार्मोनियमच्या पेटीएवढं यंत्र, त्याला एक बारीक गिरमिट जोडलेलं. नाव ‘पाणवाचक’. माणूस चाळिशीचा, बडबड्या आणि आपल्या यंत्रावर फिदा.

“मॅडम, विटेत पेन्सिलीएवढं भोक पाडायचं आणि आतला तुकडा यात घालायचा. कोणत्या साली किती पाणी आलं आणि कुठे थांबलं, सगळं सांगतो हा.”

“साल सांगतो?” वृंदाबाईंनी विचारलं.

“साल. नशीब असेल तर ऋतूसुद्धा.”

वृंदाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. ऊन तसं काही फार नव्हतं.

यंत्रामागचं शास्त्र ऐकायला सोपं होतं. पावसाच्या पाण्यातला प्राणवायू दोन तऱ्हेचा असतो, एक थोडा हलका आणि एक थोडा जड. ढग कुठून आले, किती लांबून आले, वाटेत किती रिते झाले, यावर त्या वर्षीच्या पाण्यात दोघांचं प्रमाण ठरतं. दोन वर्षांचे पाऊस सहसा सारखे नसतात. हे पाणी विटांमध्ये उतरतं, सांध्यांमधला चुना थोडा विरघळवतं, आणि उन्हाळ्यात आटताना तोच चुना केसाहून पातळ थर करून मागे ठेवतं. थरात त्या वर्षीच्या पावसाची खूण कायमची अडकते. असे वर्षावर वर्ष थर चढतात. पाणी वाहतं राहिलं असेल तर थर पातळ आणि तुटक; साचलं असेल तर जाड आणि काचेसारखा. वेधशाळांनी वर्षानुवर्षं जपलेल्या पावसाच्या नोंदींशी हे थर जुळवून बघायचे, की झालं.

शास्त्र सोपं, पण त्याने लोकांची झोप उडवली होती. पाणवाचक बाजारात येऊन तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात शहरांतल्या सोसायट्यांमध्ये भांडणांना ऊत आला होता. वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी शपथेवर सांगत की आमची मोरी गेल्याच वर्षी गळायला लागली, आणि भिंत म्हणे, नऊ वर्षं झाली. बिल्डर हाय खाऊन बसले होते. माणसाने केलेलं जुनं काम एरवी त्याच्याबरोबर विसरलं जायचं. आता ते विसरायची सोय राहिली नव्हती.

“दुसऱ्या कमानीपासून सुरुवात करा,” वृंदाबाई म्हणाल्या. “ती जास्त जुनी आहे.”

अन्वर हसले. “सातही एकाच वर्षीच्या ना हो? फुगलीय चौथी. तिचाच तुकडा आधी घेऊ.”

गिरमिट चौथ्या कमानीच्या अंगात शिरलं आणि वृंदाबाई पाठ फिरवून नदीच्या कोरड्या पात्राकडे बघत उभ्या राहिल्या.

*

सत्तावीस वर्षांपूर्वी त्या याच पुलावर होत्या. तीस वर्षांच्या, खात्यात नव्या, नोकरी पक्की व्हायला आठ महिने उरलेल्या. जानेवारीत रेल्वेच्या सर्वात मोठ्या साहेबांची वार्षिक तपासणी असते. त्याआधी महिनाभर काय चालतं ते रेल्वेतल्या माणसाला सांगायला नको. दगडांना चुना लागतो, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो. एका जागी उभी राहणारी प्रत्येक वस्तू रंगते. त्या वर्षी साहेब बोरनदीच्या पुलाखाली उतरणार होते आणि चहाचं टेबल चौथ्या कमानीखाली मांडायचं ठरलं होतं, कारण तिथे सावली चांगली.

त्या कमानीच्या दोन भोकांमधून पांढरे ओघळ उतरले होते. खरडले, रंगवले, तरी भोकं पडलेल्या दातांसारखी काळी दिसत राहिली. वरिष्ठ येऊन म्हणाले, “खैरनार, हे काय? साहेबांच्या डोक्यावर हे?” आणि निघून गेले. वृंदाने रंगकाम करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसांना सांगितलं, “सिमेंटनं बुजवा दोन्ही. वरून गेरू मारा, पांढऱ्या रेघा ओढा. साहेब गेले की उघडू.”

पुलाचा रोजचा मिस्त्री त्या आठवड्यात दुसऱ्या पुलावर होता. त्याला काही कळलं नाही.

साहेब आले, चहा प्यायले, “छान ठेवलाय पूल,” म्हणाले. त्या एका वाक्यावर सगळं खातं चार दिवस हवेत होतं. पुढच्या महिन्यात वृंदाचं लग्न झालं, दीड महिन्याची रजा झाली, परत आली तर टेबलावर कामांचा ढीग. दोन भोकं तिच्या डोक्यातून साफ निघून गेली.

ऑगस्टमध्ये अतोनात पाऊस झाला आणि चौथ्या कमानीतून विटांचा एक थर खाली आला. गाडी जाऊन वीस मिनिटं झाली होती, म्हणून माणसं वाचली. घाईघाईने अख्ख्या कमानीला सिमेंटचं जाड अस्तर मारलं गेलं आणि बुजलेली भोकं त्याखाली गडप झाली. मग चौकशी बसली. कमानीत पाणी तुंबलं होतं, म्हणजे भोकं साफ नव्हती. भोकं साफ करायचं काम कुणाचं? सोपान वाघचौरे मिस्त्रीचं.

सोपान मिस्त्रीसारखा हात त्या भागात दुसरा नव्हता. चुना जिभेवर ठेवून सांगायचा, की अजून दोन दिवस भिजू दे. त्या मे महिन्यात त्याला कावीळ झाली होती. तशा अंगाने तो भोकं मोकळी करायला पहार घेऊन साती कमानींखाली फिरला, चौथीपासून पुढे डोळ्यांपुढे अंधारी येत होती. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, “चौथ्या कमानीची भोकं साफ केली होती का?”

दुसरा कुणी असता तर ‘केली’ म्हणून मोकळा झाला असता. सोपान म्हणाला, “साहेब, खोटं कशाला बोलू. आठवत न्हाई.”

वृंदा त्याच खोलीत, डाव्या हाताच्या तिसऱ्या खुर्चीवर बसली होती. तिला सगळं आठवत होतं. तोंड उघडायला एक क्षण होता. तो गेला, मग दुसरा गेला, आणि मग चहा आला.

सोपानचं मिस्त्रीपद गेलं. तो रुळांच्या टोळीत खडी ओढायला लागला आणि तिथूनच रिटायर झाला.

*

चौथ्या दिवशी अन्वरांनी पडद्यावर थर दाखवले.

“हे बघा. दोन हजार अठरापर्यंत सगळे थर पातळ. पाणी येत होतं आणि जात होतं. एकोणीसचा थर एकदम जाड. तिथून पुढे आजपर्यंत पाणी आत बसून आहे. सिमेंटचं अस्तर मारून तर त्याला कोंडूनच घातलं. गंमत अशी, की भोकाच्या आत सिमेंटचा बूच आहे. त्याच्या खाली अठराचा थर आहे, एकोणीसचा नाही. म्हणजे दोन पावसांच्या मधे कुणीतरी मुद्दाम भोक बुजवलंय.”

“कुणी, ते सांगत नाही ना तुमचं यंत्र?”

वाक्य तोंडातून गेल्यावर वृंदाबाईंनाच ते ऐकवेना. अन्वरांनी ते थट्टेवारी नेलं. “नाही हो. आमचा रकाना ‘काळ’ इथवर. पुढचा तुमचा.”

अहवालाच्या छापील नमुन्यात पुढचा रकाना होता: ‘जबाबदारी, माहीत असल्यास.’ कंत्राटदार मरून दहा वर्षं झाली होती. तेव्हाचे वरिष्ठही गेले होते. ‘अज्ञात’ एवढा एक शब्द लिहिला असता तर जगातलं कुठलंही यंत्र त्यांना खोटं पाडू शकलं नसतं. वृंदाबाईंनी तो रकाना कोरा ठेवला आणि स्वतःला सांगितलं, की अजून वेळ आहे.

अन्वरांनी दुरुस्तीही सांगितली. सिमेंट सगळं काढायचं, भोकं उघडायची, विटा चुन्यात परत बसवायच्या. चुन्यातून भिंत श्वास घेते, सिमेंटमध्ये ती गुदमरते. पण चुन्याचं काम येणारा माणूस आता उरला कुठे होता? टोळीच्या मुकादमाने डोकं खाजवलं. “एकच हाय म्याडम. सोपानबाबा वाघचौरे. स्टेशनामागं राहतात. येतील का, ते सांगवत न्हाई.”

*

सोपानबाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते. घराच्या दारात ओटा होता, पण ते ओट्यावर न बसता अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वृंदाबाईंना बघून उठायला लागले.

“बसा, बसा मिस्त्री.”

“मिस्त्री म्हनायचं सोडा आता, म्याडम. त्याला लई वर्सं झाली.” त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. “आनि तुम्ही कशाला आला, मला बोलवायचं व्हतं.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर वृंदाबाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी कामाचं सांगितलं. म्हातारा पूर्ण ऐकून म्हणाला, “न्हाई जमायचं. मी थापी हातात धरत न्हाई.”

“तब्येत…”

“तब्येत झ्याक हाय. हाताचा भरवसा न्हाई.” त्यांनी दोन्ही तळवे समोर धरून बघितले. “ज्या मानसाला आपन काम केलं का न्हाई, हेच आठवत न्हाई, त्यानं मानसांच्या डोक्यावर इटा बसवू नये. गाडी भरलेली व्हती म्याडम, त्या दिवशी. ईस मिंटं आधी गेली. रोज येते मनात.”

वृंदाबाईंच्या घशापाशी शब्द आले होते. तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि तिच्यासमोर ते परत खाली गेले. एकदा चहाने वाचवलं होतं, आता पुन्हा चहानेच. त्यांना स्वतःची इतकी किळस आली की कप हातात धरवेना.

“हा ओटा बघा,” सोपानबाबा म्हणाले. “आमच्या हिला फार हौस, दारात बसून तांदूळ निवडायची. म्हनायची, तुम्ही गवंडी आनि आपल्या दाराला ओटा न्हाई. म्या हात लावला न्हाई. दुसऱ्याकडनं बांधून घेतला. उतार चुकला. पावसाळ्यात सगळं पानी भिताडात जातं. दोन पावसाळे बसली ती त्याच्यावर, पाय वल्ल्यात ठिवून. मग गेली.”

शेवटी ते एवढ्याला कबूल झाले, की खुर्चीवर बसून चुना कसा भिजवायचा तेवढं सांगतील. कामाला हात लावणार नाहीत.

*

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अस्तर काढायला सुरुवात झाली. सोपानबाबा बाभळीखाली खुर्चीवर बसून चुन्याच्या हौदाकडे लक्ष ठेवून होते. चौथ्या कमानीवरून सिमेंटचा मोठा पापुद्रा निघाला आणि वर चढलेला कामगार ओरडला, “मुकादम, हे लाल काय हाय?”

विटांच्या मधोमध गोल, लाल गेरूचा ठिपका होता आणि त्यावर पांढऱ्या रेघा, सत्तावीस वर्षं झाकून राहिल्यामुळे काल काढल्यासारख्या. लाल रंगावर खड्डे होते. सात-आठ खोल टोचे, एकावर एक.

सोपानबाबा खुर्चीवरून उठले. कुणी धरायच्या आत शिडीच्या चार पायऱ्या चढले आणि एका खड्ड्यात बोट घातलं. मग दुसऱ्यात. शेजारच्या दुसऱ्या बुचावरही तसेच टोचे होते.

“पहारीचं टोक हाय हे,” ते हळू म्हणाले. “माझ्या पहारीचं टोक एका अंगाला झिजलेलं व्हतं. हे बघा, एक बाजू उथळ.” त्यांनी खड्ड्यात पुन्हा बोट फिरवलं. “म्हंजी मी आलो व्हतो. मारलं व्हतं म्या. आत गेली न्हाई पहार, तर तापाच्या भरात मला वाटलं आसंल, इट हाय.”

“दोन हजार अठरा आणि एकोणीसच्या पावसाच्या मधे बुजवलंय, बाबा,” अन्वर म्हणाले. “तुम्ही पहार मारलीत तेव्हा आत सिमेंट होतं.”

सोपानबाबांनी शिडीवरूनच मागे बघितलं. “कुनी बुजवलं?”

खाली चौदा माणसं उभी होती. कुणाला माहीत नव्हतं, म्हणून सगळी गप्प होती. वृंदाबाईंना ती शांतता ओळखीची वाटली. डाव्या हाताची तिसरी खुर्ची, टेबलावरचा पंखा, आणि तोंड उघडण्याचा तो क्षण, सगळं जसंच्या तसं परत आलं होतं. फक्त या वेळी चहा येणार नव्हता.

“मी,” त्या म्हणाल्या. शिडीपर्यंत ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणाल्या, “मी बुजवायला सांगितलं, मिस्त्री. मोठे साहेब येणार होते म्हणून. मग उघडायची विसरले. चौकशीत मला माहीत होतं. मी बोलले नाही.”

मुकादमाने मान खाली घातली. अन्वर यंत्राच्या पेटीची कडी उगाच लावू-काढू लागले. सोपानबाबा शिडीवर तसेच उभे होते, बोट अजून त्या खड्ड्यात.

“नोकरीसाठी?”

“हो.”

ते खाली उतरले. वृंदाबाईंना वाटलं, आता ते बोलतील, शिव्या देतील, निदान अंगावर थुंकतील. ते त्यांच्याजवळून नुसते पुढे गेले, हौदापाशी बसले, चिमूटभर चुना जिभेवर ठेवला. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, “थापी आना.”

त्या दिवसापासून ते रोज आठला यायचे आणि पाचला जायचे. सगळ्यांशी बोलायचे, शिकवायचे, चुकलं तर रागवायचे. वृंदाबाईंशी एक अक्षर बोलले नाहीत. त्या समोर आल्या की म्हणायचे, “उजेड अडतोय,” आणि तेही मुकादमाकडे बघून.

*

मे महिन्यात चौथ्या कमानीवर टँकरने पाणी सोडून बघितलं. दोन्ही भोकांमधून सरळ, मोकळी धार पडली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. वृंदाबाईंनी त्या दिवशी भोकात पेन घातलं नाही.

अहवालातला कोरा रकाना त्यांनी भरला होता. खात्याने खुलासा मागवला, मग चौकशी नेमली. पदक परत पाठवलं, तर ‘असं परत घेण्याची तरतूद नाही’ असं उत्तर आलं. सोपान वाघचौरे यांच्यावरचा ठपका रद्द झाल्याचा कागदही आला, आणि तो त्यांना पोस्टाने पाठवा असा शेरा त्यावर होता. वृंदाबाई स्वतः घेऊन निघाल्या.

सोपानबाबा हातोडा-छिनी घेऊन दारातला ओटा फोडत होते. निघालेल्या विटा बाजूला रचलेल्या होत्या, चुन्याची पाटी भिजत होती. सून आणि शेजारच्या दोघी-तिघी बाया कुंपणापाशी उभ्या होत्या. वृंदाबाई फाटकातच थांबल्या. आत या, असं कुणी म्हणालं नाही.

“मिस्त्री, कागद आणलाय.”

“मला चष्म्याशिवाय दिसत न्हाई,” ते पाठमोरेच म्हणाले. त्या कबुलीनंतर त्यांनी पहिल्यांदाच वृंदाबाईंना उत्तर दिलं होतं. “वाचा. मोठ्यानं वाचा.”

वृंदाबाईंनी वाचलं. तारीख, पूल क्रमांक, कमान चौथी. कारण: निचऱ्याची भोकं सिमेंटने बुजवणे. जबाबदार व्यक्ती: वृंदा खैरनार. सोपान वाघचौरे, मिस्त्री, निर्दोष. आपलंच नाव आपल्या तोंडून गल्लीत ऐकताना त्यांचे कान तापले. कुंपणापलीकडची एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली.

सोपानबाबांनी एक वीट हातात घेतली, फुंकर मारून धूळ उडवली.

“परत वाचा,” ते म्हणाले. “ठोकाठोकीत नीट ऐकू आलं न्हाई.”

हातोडा तर त्यांनी पहिल्याच ओळीला खाली ठेवला होता. वृंदाबाईंनी ते पाहिलं होतं. त्यांनी कागद सरळ केला आणि पहिल्यापासून, आधीपेक्षा मोठ्या आवाजात, वाचायला सुरुवात केली.